लेकीला साध्या कॉलेजात घालायचंय – बौद्धिक दिव्यांग मुलांचे पालक, शिक्षक, कुणीही, जरा बोला

सावनी_ठाणे

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

माझी मुलगी २० वर्षांची आहे. डाउन सिंड्रोम. घरी तिला चिऊ म्हणतो, इथेही तेच म्हणते. आठवीपर्यंत जवळच्या साध्या मराठी शाळेत होती. मग एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त शाळा) दहावी आणि यंदा बारावी. पाचही विषय एकदम कधीच दिले नाहीत. तिथे पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसता येतं, त्याचा आम्ही पुरेपूर फायदा घेतला. पेंटिंग, गृहविज्ञान, डेटा एन्ट्री असे तिला झेपणारे विषय निवडले. सर्टिफिकेट आलं त्या दिवशी सोसायटीच्या वॉचमनकाकांपासून सगळ्यांना दाखवून झालं आणि रात्री जेवताना तिनं विचारलं, "आता माझं आयकार्ड कधी?"

आयकार्ड म्हणजे कॉलेजचं. तिच्या मामेबहिणीच्या गळ्यात निळ्या फितीचं असतं, ते हिनं तीन वर्षं डोळ्यांत भरून ठेवलंय.

मागच्या आठवड्यात एका कॉलेजात जाऊन आलो. नाव घेत नाही. खिडकीशी काय बोलायचं याची घरी चार दिवस तालीम झाली होती: "सर, एफवायबीएचा फॉर्म द्या." म्हणालीही तसंच, जरा मोठ्यानं. खिडकीतल्या गृहस्थांनी तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, "हिचं काय?"

मग आत बोलावलं. आतल्या मॅडम खरंच चांगल्या होत्या. म्हणाल्या, दिव्यांग कोट्यातल्या जागा आमच्याकडे रिकाम्याच राहतात, घेऊ की. पण परीक्षेचं काय करणार? तीन वर्षं नापास होत राहिली तर तिला बरं वाटेल का?

मला उत्तर देता आलं नाही. मला डिग्री नकोय असं मी सगळ्यांना सांगते; खरंच नकोय का, हे रात्री दोन वाजता मला विचारू नका. चिऊला तिच्या वयाच्या मुलामुलींत बसायचंय एवढं मात्र नक्की. अशा मुलांना काम देणाऱ्या दोन कार्यशाळाही पाहिल्या आम्ही. पणत्या रंगवणं, कागदी पिशव्या, फाइली. काम वाईट नाही, माणसं मायेची आहेत. पण तिला जिथे बसवणार होते तिथे शेजारी ४३ वर्षांच्या ताई होत्या.

कुणी असं साध्या कॉलेजात घातलंय का मुलाला? परीक्षेशिवाय नुसतं वर्गात बसू देतात का? काहीही माहिती चालेल.

आंबटगोड

वाचतेय. भाचा यंदा दहावीला आहे, दोन वर्षांनी आमच्यापुढे हेच येणार.

खडूफळा

सावनीताई, मी अनुदानित कॉलेजात २८ वर्षं इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे. आधी कायदा सांगतो, मग जे सांगायचंय ते.

२०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचं कलम ३२ तुमच्या बाजूचं आहे. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांनी किमान ५ टक्के जागा द्यायच्या, वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट द्यायची. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ४० टक्के किंवा त्याहून जास्तीचं हवं. सौम्य बौद्धिक अक्षमतेला ५० टक्के आणि मध्यम असेल तर ७५ टक्के लिहून मिळतं, म्हणजे तुमची मुलगी त्यात बसतेच. (अवांतर: हा ५०चा आकडा आमच्या स्टाफरूममध्ये "निम्मी बुद्धी" असा वाचला जायचा. शिकलेली माणसं!)

आता गंमत पाहा. नोकऱ्यांच्या कलम ३४ मध्ये ४ टक्क्यांतला १ टक्का बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी वेगळा काढलाय. कॉलेजच्या ५ टक्क्यांत अशी वाटणीच नाही. त्यामुळे त्या जागांवर आमच्याकडे यायची ती पायानं अधू किंवा कमी दिसणारी मुलं. त्यांनी यावंच. पण चिऊसारखं कुणी आलं नाही तरी कागदावर कॉलेजचं काही चुकत नाही.

दुसरं, परीक्षेच्या सवलती. लेखनिक मिळतो, तासाला २० मिनिटं जादा मिळतात. ही सोय कुणासाठी आहे? ज्याला उत्तर येतं पण लिहिता येत नाही किंवा लिहायला वेळ लागतो, त्याच्यासाठी. तुमच्या मुलीची अडचण ती नाही. तिला पेपरच वेगळा हवा, आणि तो काढायची मुभा कॉलेजला नसते, परीक्षा विद्यापीठाच्या नियमानं. त्या मॅडम चुकीचं बोलल्या नाहीत.

आता जे सांगायचंय ते. माझ्या वर्गात अशी एक मुलगी दोन वर्षं होती. वडील लढून घेऊन आले होते. रोज यायची, तिसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसायची, वहीवर तारीख घालायची. मी तिला कधी प्रश्न विचारला नाही. चारचौघांत तिची फजिती नको, असं मला वाटायचं. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर ती यायची बंद झाली. पुढे बाजारात भेटली तेव्हा आईला माझी ओळख करून देताना म्हणाली, "हे इतिहासाचे सर. हे मला उभं नाही करायचे."

तिरकसपंत

कडू बोलतो, राग मानू नका.

वर्गात १२० पोरं. मास्तर तासिका तत्त्वावर, पगार तीन-चार महिन्यांनी. त्यानं सिलॅबस संपवायचा, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फाइली भरायच्या आणि वर एका मुलीसाठी वेगळं शिकवायचं? होणार नाही. मग ती तिसऱ्या बाकावर तारीख घालत बसणार, सरांनीच सांगितलंय. तीन वर्षं तारीख घालण्यापेक्षा तीन वर्षांत बेकरीचं काम शिकली तर हातात चार पैसे येतील. बऱ्याचदा कॉलेज मुलांना नको असतं, आईबापांना हवं असतं. "आमची पण कॉलेजात जाते" हे सांगायला.

आणि सुरक्षिततेबद्दल अजून कुणी बोललं नाहीये. साध्या पोरींना त्रास होतो, इथे तर पोरीला कोण गोड बोलतंय आणि कोण टिंगल करतंय हे कळायला हवं.

आंबटगोड

पंत, स्पेनच्या पाब्लो पिनेडाला डाउन सिंड्रोमच आहे. विद्यापीठातून रीतसर शिकून बाहेर पडलाय तो.

तिरकसपंत

माहीत आहे. एका पाब्लोवर ठाण्याच्या सगळ्या पोरांचं गणित मांडू नका. पाब्लो पेपर लिहून पास झाला. इथे विचारलंय ते पेपर न लिहिणाऱ्यांचं.

दादाचीताई

पंतांचा सुरक्षिततेचा मुद्दा बरोबर आहे. बाकीच्याबद्दल बोलते.

माझा दादा ३४ वर्षांचा आहे. मध्यम बौद्धिक अक्षमता. विशेष शाळा १८ व्या वर्षी संपली. निरोप समारंभ झाला, स्टीलचा डबा मिळाला आणि सोमवारी उठून कुठे जायचं हा प्रश्न उभा राहिला. मी तेव्हा अकरावीला. मी कॉलेजला निघाले की तो गॅलरीत येऊन विचारायचा, "मी पण?" आई म्हणायची, उद्या. वर्षभर रोज उद्या.

शेवटी कार्यशाळा मिळाली. तो तिथे आजही जातो आणि खूश आहे, हे मुद्दाम लिहिते. पण १८ ते २५ या वयात माणूस ज्या गोष्टी उगीचच शिकतो ना, त्या त्याच्या राहूनच गेल्या. कँटीनमध्ये पैसे काढून द्यायचे, मित्रानं उधार मागितले तर नाही म्हणायचं, कुणीतरी आवडायचं, तिनं भाव दिला नाही की दोन दिवस तोंड पाडून बसायचं. टिंगल कोणती आणि थट्टा कोणती हेही माणूस कट्ट्यावर बसूनच शिकतो. दादाला कुणी कट्ट्यावर बसूच दिलं नाही, आणि आता आम्हीच म्हणतो, त्याला माणसं कळत नाहीत.

पंत, "आईबापांना हवं असतं" याचं मात्र हसू आलं. माझ्या आईबाबांना कॉलेज बिलकूल नको होतं. घाबरायचे. ते हवं होतं दादाला.

पोटोमॅककाठी

धागा कालपासून वाचतेय. आज मुलगा कामावर गेलाय म्हणून निवांत लिहिते.

आम्ही अमेरिकेत, व्हर्जिनियात. मुलगा २४ वर्षांचा, बौद्धिक अक्षमता आणि थोडा ऑटिझम. दोन वर्षं कॉलेजात होता. इथे हे कसं चालतं ते सांगते, म्हणजे नेमकं काय मागायचं त्याचा अंदाज येईल.

२००८ साली इथल्या उच्च शिक्षणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली. मान्यता मिळालेल्या प्रोग्राममध्ये बौद्धिक दिव्यांग मुलाला हायस्कूलचा रीतसर डिप्लोमा नसला तरी घेतात, आणि गरजेप्रमाणे पेल ग्रँटसारखी सरकारी मदतही मिळते. (शिक्षणकर्ज मात्र नाही.) २०१० पासून केंद्र सरकार असे प्रोग्राम काढायला कॉलेजांना निधी देतंय. आता देशभर ३०० च्या वर असतील. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातलं थिंक कॉलेज नावाचं केंद्र त्यांची यादी ठेवतं. शेजारी कॅनडात, अल्बर्टा विद्यापीठात, हे १९८७ पासून चालू आहे.

मुद्दा असा की ही मुलं डिग्रीला नसतात. शेवटी सर्टिफिकेट मिळतं. पण निदान निम्मा वेळ तरी बाकीच्या विद्यार्थ्यांबरोबर वर्गात किंवा कामावर घालवायचा, ही मान्यतेची अट आहे. वर्गात "ऑडिट" करायचं, म्हणजे बसायचं, ऐकायचं, जमेल ते काम करायचं. मार्कांचा प्रश्न नाही. माझ्या मुलानं हवामानशास्त्राचा पहिला कोर्स असा केला. बाकीच्यांना आठ पानी निबंध होता. यानं १५ दिवस रोज सकाळी आठला एकाच खिडकीतून ढगांचा फोटो काढला, खाली ढगाचं नाव लिहिलं आणि वर्गापुढे उभा राहून पाच मिनिटं बोलला. निबंधाच्या जागी काय चालेल हे प्राध्यापकांनी एकट्यानं ठरवलं नाही. प्रोग्रामची एक बाई त्यांच्यासोबत बसली होती. पंत, तुमच्या त्या तासिकावाल्या मास्तरांना ही बाई हवी. तिच्याशिवाय हे इथेही चाललं नसतं.

शिवाय त्याच कॉलेजातले विद्यार्थी जोडीदार म्हणून देतात. एक जेवायला, एक जिमला, एक लायब्ररीत.

सगळं गोड आहे असं समजू नका. पहिलं सेमिस्टर यांचे सगळे वर्ग तळघरातल्या एकाच खोलीत, फक्त याच मुलांचे. कॉलेजच्या आवारात पुन्हा एक विशेष शाळा! आम्ही पालकांनी भांडून ते बदलून घेतलं. खर्चही भयंकर आहे. मदत मिळूनही आमची बचत बरीच गेली.

तिरकसपंत

मनापासून विचारतो: मग आता मुलगा काय करतो?

पोटोमॅककाठी

किराणा दुकानात आठवड्याला २० तास, शेल्फं लावतो.

तिरकसपंत

म्हणजे शेवटी दुकानातच ना?

पोटोमॅककाठी

हो, दुकानातच. शनिवारी तिथल्या तिघांबरोबर बोलिंगला जातो. किती वाजता परत येणार हे मला सांगत नाही. विचारलं तर म्हणतो, आई, टेक्स्ट करीन. करत नाही.

तिरकसपंत

बरं. हे आवडलं.

वऱ्हाडी_भौ

रामराम. आमच्या तालुक्याच्या गावातली गोष्ट सांगतो, अकोल्याकडची.

माह्या साडूची पोरगी, २२ वर्षांची. तुमच्या चिऊसारखीच. कालेज घरापासून हाकेवर. ॲडमिशन-गिडमिशन काही नाही. बाप तिथं शिपाई, तो सकाळी तिला सोबत नेते. ग्रंथपाल मॅडमनं एक दिवस पुस्तकाईले कव्हर घालाले बसवलं, तर पोरीनं असे कव्हर घातले की एक सुरकुती नाही. आता रोज जाते. पोट्टे तिले ताई म्हणतात, गॅदरिंगले नाचली बी. कोणत्या नियमात बसते? कोणत्याच नाही. प्राचार्य बदलले की काय होईन, देव जाणे.

एक सांगतो ताई. शहरात तुम्ही अर्ज करता म्हणून ते नाही म्हणते. आमच्याइथं कोणी अर्जच केला नाही!

दादाचीताई

भौ, मस्तच. पण पगार? ग्रंथालयात रोज काम करते तर काहीतरी द्यायला हवं ना तिला?

वऱ्हाडी_भौ

बात बरोबर हाय तुमची. दिवाळीले साडी देते. साडूशी बोलतो.

खडूफळा

भौंनी मर्मावर बोट ठेवलं. आपल्याकडे एक तर रीतसर विद्यार्थी, नाहीतर बाहेरचा. मधली जागा नियमात नाहीच. पोटोमॅकताई म्हणतात ते ऑडिट म्हणजे ती मधली जागा. नव्या शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, मिळवलेली क्रेडिट (श्रेयांक) नावावर जमा राहतात. ऐकायला आपल्या मुलांसाठीच केल्यासारखं वाटतं, पण क्रेडिट मिळवायला पेपर तोच.

म्हणून व्यवहाराचं सांगतो. डिग्रीच्या दारानं जाऊ नका. बहुतेक कॉलेजं स्वतःच्या अखत्यारीत छोटे सर्टिफिकेट कोर्स चालवतात. तीन महिने, सहा महिने, शनिवार-रविवार. त्यांचा पेपर विद्यापीठाचा नसतो, कुणाला घ्यायचं आणि शेवटी काय करून घ्यायचं हे विभाग ठरवतो. प्रवेशाच्या गर्दीत जाऊ नका, ऑगस्टमध्ये जा. ऑफिसात नको, थेट विभागप्रमुखांना भेटा. मेडिकलची फाइल घरी ठेवा. तिला काय येतं, कशाला वेळ लागतो, काय झालं की ती गडबडते, एवढं एका पानावर लिहून न्या. आणि शिकवणाऱ्याला सांगा, तिला प्रश्न विचारा म्हणून.

एक राहिलं. फॉर्मवर सही तिचीच घ्या. २० वर्षांची आहे. नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्ह्याच्या समितीकडून कायदेशीर पालकत्व मिळतं, बँकेच्या किंवा मालमत्तेच्या कामाला ते लागू शकतं, पण कॉलेजच्या फॉर्मला त्याची गरज नाही. कुणी मागितलं तर कोणत्या नियमाखाली, ते लेखी द्या म्हणावं.

आंबटगोड

सर, वाचनखूण साठवली. त्या एका पानाचा नमुना टाकाल का?

खडूफळा

सावनीताईंनी लिहिलं की तेच टाकायला सांगू. मी लिहिलं तर ते इतिहासाच्या नोट्ससारखं होईल.

सावनी_ठाणे

धागा वर काढतेय. तीन महिने झाले, सगळ्यांना वाटलं असेल पळाली.

सरांचं ऐकलं. एक पान लिहिलं. पहिला खर्डा चार पानांचा झाला होता, त्यात जन्माच्या वेळच्या पिवळ्या काविळीपासून सगळं होतं! चिऊच्या बाबांनी कापून कापून एकावर आणलं. शेवटची ओळ चिऊनं सांगितली: "मला घाई केली की मी चुकते."

तीन कॉलेजं झाली. एकानं "कळवतो" म्हणून कळवलं नाही. दुसऱ्यानं सांगितलं की कुणीतरी कायम सोबत बसा. ते मी नाकारलं, आई शेजारी बसल्यावर कसलं कॉलेज? तिसऱ्या ठिकाणी मराठी विभागात मोडी लिपीचा सर्टिफिकेट कोर्स होता. शनिवारी दोन तास. हसू नका, मीही हसले होते. बौद्धिक अक्षमता आणि मोडी!

पण चिऊला अक्षरं गिरवायला फार आवडतं, पेंटिंगमुळे हात बसलेला आहे. शिकवणाऱ्या बाई तिशीतल्या. पान वाचून एवढंच म्हणाल्या, "वाचन तिला जड जाईल. लेखन करू दे. शेवटी सगळ्यांना एक पत्र लिप्यंतर करून द्यायचंय, ती एक पान नकलून देईल."

मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारून घ्यायची आणि अक्षरं तिला टांगत जायची, हात शक्यतो न उचलता. चिऊ पहिले दोन शनिवार नुसत्या रेघा मारून आली. सुरेख रेघा. आणि तिसऱ्या शनिवारी घरी येऊन तिनं जी बातमी दिली ती मला माहीतच नव्हती: मोडीत ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नसते. इकार एकच, उकार एकच. शाळेत आठ वर्षं ज्या वेलांट्यांसाठी हिच्या वहीवर लाल गोल झाले, त्या इथे कुणी विचारतच नाही. बाईंनी वर्गाला हे सांगितल्यावर चिऊ एकटीच टाळ्या वाजवायला लागली. मग बाकीच्यांनीही वाजवल्या म्हणे. वर्गात एक निवृत्त तहसीलदार आहेत, दोन एमएची मुलं, एक वकीलबाई. तिच्या वयाची फक्त एक मुलगी. म्हणजे मी जे मागत होते ते अर्धंच मिळालं, हेही कबूल करते.

पंत, तुमच्यासाठी: गेल्या शनिवारी एका मुलानं तिच्याकडून कँटीनमध्ये ४० रुपये घेतले, देतो म्हणाला. या शनिवारी दिले नाहीत. ती रागावलीय. मी मध्ये पडलेले नाही, जिभेवर दात ठेवून बसलेय.

आयकार्ड मिळालं नाही. सर्टिफिकेट कोर्सला देत नाहीत, फक्त फीची पावती. तिनं ती पावती बाबांच्या जुन्या ऑफिसच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घातली, फितीसकट गळ्यात अडकवली आणि गेली.

तिरकसपंत

४० रुपयांचं काय झालं ते कळवा.

वऱ्हाडी_भौ

ताई, तिच्या हातच्या मोडीचा फोटो टाका न. साडूच्या पोरीले दाखवतो. आन् हो, तिले या महिन्यापासून दीड हजार द्याले लागले.

सावनी_ठाणे

भौ, वा! फोटो चिऊला विचारून टाकते.

पंत, आज मिळाले. तीस. दहा पुढच्या शनिवारी.